मेलेला गुलाम आणि बुडणारं जहाज : विनोदातून ग्रीस-रोम शिकवताना



सुरुवात विनोदानेच करू. एक माणूस रस्त्यात एका ओळखीच्या गृहस्थाला गाठतो आणि तक्रार करतो की, तुम्ही मला विकलेला तो गुलाम मेला. गृहस्थ चकित होतो. देवाची शपथ घेऊन सांगतो की माझ्याकडे होता तोवर त्याने असला प्रकार एकदाही केला नव्हता.

हसलात ना? हा विनोद किमान दीड हजार वर्षांपूर्वीचा आहे, ग्रीक भाषेतला आहे, आणि तरी आपल्यापर्यंत पोचतो. फ्रिज बिघडला म्हणून दुकानात गेल्यावर 'आमच्याकडे होता तेव्हा व्यवस्थित चालत होता' असं सांगणारा दुकानदार आपल्याला ओळखीचा असतो, म्हणून पोचतो. पण लगेच दुसऱ्या क्षणाला हसू थोडं आखडतं. कारण इथे फ्रिज नाही, माणूस आहे.

आज आपण जे बोलणार आहोत ते या दोन क्षणांबद्दल आहे. प्राचीन ग्रीस आणि रोम शिकवताना विनोद वापरावा का, आणि वापरायचा तर कसा? आमचं म्हणणं असं की विनोदातून शिकवताना हसू येतं ती जागा महत्त्वाची आहेच, पण हसू अडकतं ती जागा जास्त महत्त्वाची. म्हणून वर्गात विनोद सांगून झाला की आम्ही एकच प्रश्न विचारतो : हा विनोद कळायला ऐकणाऱ्याला आधी काय काय माहीत असावं लागतं?

वरच्याच विनोदाला हा प्रश्न लावून बघू. माणसं विकत घेता येतात, हे माहीत हवं. ती दोन ओळखीच्या लोकांत, सहज, आपण जुनी गाडी विकतो तशी विकली जात, हे माहीत हवं. आणि विकलेल्या गुलामात खोट निघाली तर विकणाऱ्याला जाब विचारता येतो, हेही माहीत हवं. हे तिसरं फार मजेदार आहे. रोममध्ये बाजारावर देखरेख ठेवणारे ईडाइल नावाचे अधिकारी असत. त्यांच्या जाहीरनाम्यानुसार गुलाम विकणाऱ्याला त्याचे दोष आधी सांगावे लागत : काही आजार आहे का, हा पळून जाणारा आहे का, उगाच भटकत राहणारा आहे का. लपवलेला दोष निघाला तर सहा महिन्यांच्या आत गुलाम परत करून पैसे मागता येत. म्हणजे तो गृहस्थ 'त्याने असं कधी केलं नव्हतं' असं म्हणतो तेव्हा तो हमीची भाषा बोलतोय. मरण हा जणू गुलामाचा एक अवगुण, पळून जाण्यासारखा, आणि तो आपल्याकडे असताना दिसला नव्हता! एवढा कायदा कुणी पुस्तकातून पाठ करायला सांगितला असता तर विद्यार्थ्यांनी जांभया दिल्या असत्या. इथे तो विनोदाच्या पोटात आयता बसलेला आहे.

आता एक मोठा गैरसमज बाजूला काढू. 'विनोदातून शिकवा' म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येतं ते मधाचं बोट. विषय कडू आहे, वर थोडा मध लावा, पोरं गिळतील. ही उपमासुद्धा त्यांचीच आहे बरं का. रोमन कवी लुक्रेशियसने आपलं तत्त्वज्ञान काव्यात का मांडलं हे सांगताना, कडू औषधाच्या पेल्याच्या काठाला मध लावून मुलांना फसवणाऱ्या वैद्याचा दाखला दिला आहे. होरेसने अक्षरं गिरवावीत म्हणून मुलांना खाऊ देणाऱ्या मास्तरांचा उल्लेख केला आहे, आणि हसत हसत खरं बोलायला कोणाची आडकाठी आहे, असंही तिथेच विचारलं आहे. म्हणजे हा वाद दोन हजार वर्षांचा जुना आहे.

मधाच्या बोटाची आजची उदाहरणं तुम्हाला माहीत आहेत. १९५९ साली फ्रान्समध्ये गॉसिनी आणि युडेर्झो या जोडीने 'अ‍ॅस्टेरिक्स' सुरू केलं. त्यातला समुद्री चाच्यांमधला म्हातारा जहाज बुडतानाही लॅटिन सुभाषितं फेकत असतो. इंग्लंडमध्ये टेरी डिअरी यांच्या 'हॉरिबल हिस्टरीज' पुस्तकांनी रोमन आणि ग्रीक लोकांची किळसवाणी गंमत करून मुलांना इतिहासाकडे ओढलं. आम्ही या पुस्तकांच्या विरोधात अजिबात नाही. अ‍ॅस्टेरिक्स वाचूनच रोमन छावणीची रचना डोक्यात बसलेले लोक आम्हाला भेटतात. पण त्यात धोका असा की ती माणसं कायमची कार्टून होऊन बसतात. हसणारे आपण, आणि ते फक्त हसण्याचा विषय. ते स्वतः कशाला हसत होते, हा प्रश्न मग कुणी विचारतच नाही.

मधल्या वाटेचं एक सुंदर उदाहरण म्हणजे १९७९ चा 'लाइफ ऑफ ब्रायन' हा चित्रपट. त्यात रोमन सत्तेविरुद्ध भिंतीवर रात्री घोषणा लिहिणाऱ्या तरुणाला रोमन सेंचुरियन पकडतो. आता मान उडवणार असं वाटत असताना तो घोषणेतलं लॅटिन व्याकरण तपासायला लागतो. नाम संबोधनाच्या अनेकवचनात हवं, क्रियापद आज्ञार्थी हवं, आणि 'घरी जा' मधल्या घराला गतीचं ठिकाण म्हणून द्वितीया हवी. मग शिक्षा काय, तर बरोबर वाक्य शंभर वेळा लिही! ज्यांनी शाळेत संस्कृत घेतलं होतं त्यांना हा प्रसंग दुप्पट मजा देतो, कारण 'ग्रामं गच्छति' मधली द्वितीया हीच. लॅटिन न शिकलेल्या मराठी विद्यार्थ्याला एका मिनिटात ती विभक्ती समजते. पण आमचा प्रश्न इथेही लावा : हसायला काय माहीत असावं लागतं? कान पिळून व्याकरण शिकवणारा मास्तर माहीत असावा लागतो. म्हणजे हा प्रसंग रोमपेक्षा विसाव्या शतकातल्या इंग्रजी शाळांबद्दल जास्त सांगतो. विभक्ती शिकवायला तो उत्तम. रोम शिकवायला आपल्याला त्यांच्याच विनोदांकडे जावं लागेल.

सुदैवाने तशी एक वही आपल्या हाती आली आहे. तिचं नाव 'फिलोगेलोस', म्हणजे 'हसण्याची आवड असणारा'. ग्रीक भाषेतला सुमारे २६५ विनोदांचा हा संग्रह. हिएरोक्लीस आणि फिलाग्रिओस ही दोन नावं त्यावर आहेत. आज आपल्याकडे जे रूप आहे ते साधारण चौथ्या-पाचव्या शतकातलं मानतात, पण त्यातले काही विनोद त्याहून जुने असणार. एका विनोदात रोमच्या सहस्रकाच्या खेळांचा उल्लेख येतो. ते खेळ इ.स. २४८ मध्ये, सम्राट फिलिपच्या काळात झाले. तिथे हरलेला खेळाडू रडत बसलेला पाहून एक शहाणा त्याची समजूत घालतो : वाईट वाटून घेऊ नकोस, पुढच्या सहस्रकाच्या खेळात तू नक्की जिंकशील.

हा 'शहाणा' या संग्रहाचा नायक आहे. मूळ शब्द 'स्कोलास्टिकोस'. शिकलेला, वक्तृत्वाची शाळा केलेला, पुस्तकात डोकं घालून बसणारा, आणि व्यवहारात ठार वेडा. जवळजवळ निम्मा संग्रह त्याच्यावर आहे. इंग्रजी भाषांतरकार या शब्दापाशी फार अडखळतात. आम्हा मराठी माणसांना मात्र शब्द तयार आहे : पढतमूर्ख. थोडा फरक आहे, तो सांगायला हवा. समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात पढतमूर्खाची लक्षणं सांगितली, तो पढतमूर्ख सगळं जाणूनही उलटा वागतो. त्याचा दोष आचरणाचा आहे. ग्रीक पढतमूर्खाचं आचरण ठीकठाक असतं, तर्कही बिनचूक असतो. फक्त तो तर्क भलत्या ठिकाणी लावतो. पोहायला गेला आणि बुडता बुडता वाचला, तेव्हा शपथ घेतली की पोहायला शिकेपर्यंत पाण्यात पाय ठेवणार नाही. गाढवाला न खाण्याची सवय लावली, आणि नेमकी सवय लागली तेव्हाच ते मेलं म्हणून हळहळला. परगावी शिकणारा एक पढतमूर्ख पैसे संपल्यावर पुस्तकं विकतो, आणि वडिलांना अभिमानाने कळवतो की आता माझं पोट पुस्तकांवर चालायला लागलं आहे. (यावर वसतिगृहात राहिलेले लोक जरा जास्तच हसतात.)

यातल्या प्रत्येक विनोदात काहीतरी दडलेलं आहे. एकच घेऊ. पढतमूर्खाला रस्त्यात एक ओळखीचा भेटतो. तो म्हणतो, अरे, तू मेलास असं ऐकलं होतं. समोरचा म्हणतो, बघतोयस ना, जिवंत आहे. त्यावर पढतमूर्खाचं उत्तर असं की ज्याने मला सांगितलं त्याचा शब्द तुझ्यापेक्षा कितीतरी भरवशाचा आहे. आपण हसतो आणि सोडून देतो. पण ओळखपत्र नाही, छायाचित्र नाही, फोन नाही अशा जगात कोण जिवंत आणि कोण मेला हे खरोखर कुणाच्या तरी शब्दावर ठरत होतं. आणि शब्दाचं वजन माणसाच्या प्रतिष्ठेवर. प्रतिष्ठित माणसाने तुम्हाला मेलेलं म्हटलं, तर तुम्ही श्वास घेताय हा पुरावा तोकडा पडू शकतो. केंब्रिजच्या मेरी बिअर्ड यांनी रोमन हास्यावरच्या २०१४ च्या पुस्तकात या संग्रहाकडे असंच बारकाईने पाहिलं आहे. आपल्याकडेही सरकारी कागदावर मेलेली माणसं 'मी जिवंत आहे' हे सिद्ध करत फिरल्याच्या बातम्या येतात. तेव्हा फार लांबचं आहे असं समजू नका.

आता जहाजाकडे येऊ. पढतमूर्ख समुद्रप्रवासात आहे, वादळ उठलंय, बरोबरचे गुलाम रडतायत. मालक त्यांना धीर देतो : रडू नका, मी मृत्युपत्रात तुम्हा सगळ्यांना मुक्त केलेलं आहे.

आमच्या मते या संग्रहातला सगळ्यात भेदक विनोद हा. थोडं थांबून बघा. रोमन जगात गुलामांना मृत्युपत्राने मुक्त करण्याची पद्धत होती आणि ती अगदी सर्रास होती. मालकाला त्यात दुहेरी फायदा : जिवंत असेपर्यंत सेवा चालू, आणि मेल्यावर उदार म्हणून नाव. लोक नाव मिळवायला इतके गुलाम मुक्त करू लागले की इ.स.पू. २ मध्ये ऑगस्टसच्या काळात त्यावर कायद्याने मर्यादा आली. 'लेक्स फूफिया कानीनिया' हा तो कायदा. तीन ते दहा गुलाम असतील तर मृत्युपत्राने निम्मेच मुक्त करता येतील, दहा ते तीस असतील तर एक तृतीयांश, असं उतरतं प्रमाण. आणि कितीही असले तरी शंभरापेक्षा जास्त नाहीत. हा कायदा पुढे जस्टिनियनने सहाव्या शतकात रद्द करेपर्यंत पुस्तकात होता. विनोद रचणाऱ्याच्या डोक्यात तो होता असा दावा आम्ही करणार नाही. पण वर्गात हे आकडे फळ्यावर लिहिले की मुलं आपणहून विचारतात : मग 'सगळ्यांना' म्हणजे त्याच्याकडे होते तरी किती?

पण विनोदाचा खरा काटा आकड्यात नाही. मालक बुडाल्याशिवाय मुक्ती नाही, आणि मालक बुडाला की गुलामही बुडणार. मुक्ती मिळेल ती नेमकी पाण्याखाली. 'तू कधीतरी मुक्त होशील' या आश्वासनावर एक अख्खी समाजव्यवस्था चालत होती; तिचं सगळं पोकळपण एका वाक्याच्या विनोदात उघडं पडतं. आणि हा विनोद गुलामांनी केलेला नाही, गुलाम बाळगणाऱ्यांनी आपसात केलेला आहे. म्हणजे त्यांना कळत होतं. हे आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. 'त्या काळच्या लोकांना गुलामगिरीत काही वावगं दिसतच नव्हतं' असं आपण सहज म्हणून जातो. वावगं दिसत नसतं तर हा विनोद जन्मालाच आला नसता. दिसत होतं, त्यावर हसता येत होतं, आणि हसून झाल्यावर पुन्हा तीच व्यवस्था चालू ठेवता येत होती.

हे इतक्या स्पष्टपणे सांगायचं कारण असं की विनोदाला बंडखोर ठरवण्याची हल्ली घाई होते. विनोद सत्तेला टोचतो, वगैरे. टोचतो कधी कधी. पण पुष्कळदा तो वाफ सोडतो आणि झाकण तसंच राहू देतो. डिसेंबरातल्या सॅटर्नेलिया सणात रोमन गुलामांना मालकाच्या बरोबरीने जेवता येई, मालकाला तोंडावर बोलता येई. सण संपला की गुलाम पुन्हा गुलाम. प्लॉटसच्या नाटकांतले गुलाम मालकापेक्षा दसपट हुशार असतात, मालकाला बोटावर नाचवतात, आणि बोलता बोलता आपण एक दिवस क्रुसावर जाणार याचीही थट्टा करतात. त्यातला एक तर सांगतो की बाप, आजा, पणजा सगळे तिथेच गेले, तेच आमचं वडिलोपार्जित थडगं. ही वाक्यं ऐकायला प्रेक्षकांत गुलामही असत, कारण प्लॉटसच्याच एका नाटकाच्या प्रस्तावनेत गुलामांनी बाकं अडवू नयेत, स्वतंत्र माणसांना जागा द्यावी, अशी सूचना आहे. मागे उभा राहिलेला तो गुलाम त्या वाक्याला हसत असेल का? वर्गात हा प्रश्न टाकला की एकमत कधीच होत नाही. व्हायलाही नको.

फिलोगेलोसमध्ये क्रुसाचा आणखी एक विनोद आहे. आब्देरा गावचे लोक ग्रीकांच्या लेखी मूर्ख. आपल्याकडेही प्रत्येक जिल्ह्याला शेजारचं असं एखादं गाव असतंच. तर आब्देराचा एक जण एका धावपटूला क्रुसावर टांगलेलं बघतो, आणि म्हणतो, आता हा धावत नाही, उडतोय. इथे वर्गात शांतता पसरते. कुणी हसलंच तर दचकून थांबतं. एकदा का ही शांतता आली की मग आम्ही बोलत नाही, विद्यार्थ्यांना बोलू देतो. क्रूस ही रोमन जगात रस्त्याच्या कडेला, सगळ्यांना दिसेल अशी केलेली शिक्षा होती. ती बघत बघत लोक बाजाराला जात. पाठ्यपुस्तकात हे वाक्य वाचून कुणाच्या अंगावर काटा येत नाही. त्या विनोदावर हसू न आल्याने येतो.

गुलामगिरीतून जरा बाहेर येऊन राजकारणाकडे वळू, कारण तिथला एक विनोद आम्हाला सोडवत नाही. इ.स.पू. ४५, ३१ डिसेंबर. त्या वर्षीचा एक कॉन्सल सकाळी अचानक वारला. कॉन्सल म्हणजे रोमन प्रजासत्ताकाचं सर्वोच्च पद, वर्षाला दोघे निवडून येत. वर्ष संपायला काही तास उरले होते. ज्युलियस सीझरने त्याच दुपारी आपल्या मर्जीतल्या कॅनिनियस रेबिलसला उरलेल्या वेळापुरता कॉन्सल म्हणून निवडून आणलं. यावर सिसेरोने मित्राला पत्र लिहिलं. त्यात तो कळवतो की या कॉन्सलच्या कारकिर्दीत कुणी जेवलं नाही; गुन्हाही कुठे घडला नाही; आणि माणूस इतका जागरूक की पूर्ण कारकिर्दीत डोळ्याला डोळा लागू दिला नाही. मग त्याच पत्रात तो म्हणतो की तुला हे हसण्यासारखं वाटेल, कारण तू इथे नाहीस. बघितलं असतंस तर रडला असतास.

प्रजासत्ताक कसं संपलं याची कारणं आपण फळ्यावर कितीही लिहिली, तरी या पत्राची सर नाही. निवडणूक झाली, मतं पडली, सगळे विधी पार पडले. फक्त पदात जीव उरला नव्हता. सीझरने ते पद रद्द केलं नाही, ते बक्षीस म्हणून वाटायला काढलं. आणि साठीतला तो जुना कॉन्सल, ज्याने स्वतः ते पद आयुष्यभराच्या मेहनतीने मिळवलं होतं, विनोद करत बसला. अडीच महिन्यांनी सीझरचा खून झाला. सिसेरो त्यानंतर दोन वर्षंही जगला नाही.

लोकशाही शिकवायची तर अथेन्सकडे जावं लागतं, आणि अथेन्सची लोकशाही शिकवायला अ‍ॅरिस्टोफेनीससारखा मास्तर नाही. इ.स.पू. ४२५ च्या त्याच्या 'अखार्नियन्स' नाटकाची सुरुवात बघा. सभेचा दिवस आहे, एक शेतकरी भल्या पहाटे येऊन बसलाय आणि सभास्थान रिकामं. लोक बाजारात गप्पा ठोकतायत आणि लाल रंगात बुडवलेला दोर चुकवत पळतायत. तो दोर हा खरा प्रकार होता : बाजारातून दोर ओढत आणून नागरिकांना सभेकडे हाकलायचे, ज्याच्या कपड्याला लाल डाग लागला तो उशीर करणारा. ग्रामसभेला कोरम भरत नाही म्हणून तहकूब करण्याचा अनुभव असलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही.

अ‍ॅरिस्टोफेनीस शिकवताना एक अडचण येते, ती सांगून टाकू : अश्लीलता. ती वरवरची नाही, विनोदाच्या हाडात आहे. जुन्या भाषांतरकारांनी यावर गमतीशीर तोडगे काढले. १९१९ साली लोएब मालिकेत रोमन कवी मार्शलचं इंग्रजी भाषांतर आलं, त्यात चावट कविता तेवढ्या इटालियन भाषेत छापल्या होत्या. इंग्रज पोरांना इटालियन शिकायला याहून चांगलं निमित्त मिळालं नसेल. आम्ही वर्गाचं वय बघून निवड करतो, पण निवड केली आहे हे सांगतो. ग्रीक लोक फक्त संगमरवरी आणि गंभीर होते अशी समजूत करून देणं हे जास्त वाईट.

आणि अ‍ॅरिस्टोफेनीसकडेच विनोदाची दुसरी, काळी बाजूही आहे. इ.स.पू. ४२३ मध्ये त्याने 'मेघ' नाटक केलं. त्यात सॉक्रेटिस टोपलीत बसून हवेत लटकतो, देव नाहीत म्हणतो, आणि खोट्याचं खरं करायला शिकवतो. नाटक स्पर्धेत तिसरं आलं, म्हणजे तिघांत शेवटचं. विषय संपला असं वाटेल. चोवीस वर्षांनी, इ.स.पू. ३९९ मध्ये, सत्तर वर्षांचा सॉक्रेटिस न्यायालयात उभा आहे. प्लेटोने लिहिलेल्या त्याच्या बचावात तो म्हणतो की समोरच्या आरोपकर्त्यांपेक्षा मला जुन्या, बिननावी आरोपकर्त्यांची भीती जास्त आहे; तुम्ही लहान होतात तेव्हापासून त्यांनी तुमचे कान भरलेत, आणि त्यांची नावं घेता येत नाहीत, एखादा नाटककार सोडला तर. मग तो त्या हवेत लटकणाऱ्या सॉक्रेटिसचा उल्लेख करतो. नाटकाने सॉक्रेटिसला मारलं असं म्हणणं अतिरेक होईल. युद्धातला पराभव, त्याच्या शिष्यांपैकी काहींनी केलेले अत्याचार, शहराची भेदरलेली मनःस्थिती, अशी बरीच कारणं होती. पण त्या ज्युरीतल्या कित्येकांनी पोरवयात ऐकलेली एक थट्टा तोपर्यंत 'माहिती' होऊन बसली होती, एवढं सॉक्रेटिसला नक्की वाटत होतं.

आता शेवटचं उदाहरण. इतका वेळ आपण गुलामांवर, पढतमूर्खांवर, आब्देराकरांवर हसणाऱ्यांच्या बाजूला बसलो होतो. आता जागा बदलू.

इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकस या जुन्या गावाच्या उकिरड्यांतून ग्रेनफेल आणि हंट या दोघांनी हजारो पपायरस बाहेर काढले. १९०३ मध्ये त्यांनी एक तुकडा प्रसिद्ध केला, क्रमांक ४१३. इ.स.च्या दुसऱ्या शतकातली ही प्रत म्हणजे एका ग्रीक फार्सची संहिता. कुठे ढोल वाजवायचा याच्या खुणाही तिच्यात आहेत. नायिका खारिटिऑन ही ग्रीक मुलगी एका राजाच्या कैदेत आहे, चंद्रदेवीच्या देवळात, आणि तिचा बळी जाण्याची भीती आहे. भाऊ आणि त्याचे सोबती तिला सोडवायला येतात. बरोबर एक विदूषक आहे, त्याचं मुख्य हत्यार म्हणजे अपानवायू. त्या जोरावर तो शत्रूकडच्या बायकांना पळवून लावतो. युरिपिडीसच्या एका गंभीर नाटकाची ही उघड उघड टवाळी आहे. शेवटी ग्रीक मंडळी राजाला आणि त्याच्या लोकांना पाणी न घातलेली दारू पाजतात, ते झिंगून पडतात, राजाला बांधतात आणि जहाज सुटतं.

हा राजा भारताचा आहे. समुद्रकाठ भारताचा आहे. झिंगून नाचणारे लोक आपले आहेत. त्यांच्या तोंडी जी भाषा आहे ती ग्रीक प्रेक्षकांना हसवायला केलेली गडबड आहे, की खरोखरची कुठली भारतीय भाषा, यावर शंभर वर्षं वाद चालू आहे. हुल्ट्झ यांनी आणि पुढे कौटिल्याचं अर्थशास्त्र उजेडात आणणाऱ्या शामशास्त्रींनी ती कन्नड असल्याचं मत मांडलं. सगळ्यांना ते पटलेलं नाही.

हा फार्स वर्गात घेतला की वातावरण बदलतं. आत्तापर्यंत मोकळेपणाने हसणारे काही जण जरा ताठ होतात. काही जण मात्र खूप हसतात, विदूषकाच्या हत्यारावर तर फारच. मग नेहमीचा प्रश्न : हसायला ग्रीक प्रेक्षकाला काय माहीत असावं लागत होतं? किंवा इथे उलटं विचारू : काय माहीत नसलं तरी चालत होतं? नाटकातल्या भारतीयांना दारू कशी पचवायची ते कळत नाही. आणि त्याच्याच आधीच्या शतकात लिहिलेल्या 'पेरिप्लस' या व्यापाऱ्यांच्या मार्गदर्शिकेत, भडोच बंदरात कोणता माल खपतो याच्या यादीत पहिलं नाव दारूचं आहे. त्यातही इटलीची जास्त चालते असं लिहिलं आहे. त्याच पुस्तकात सोपारा आहे, कल्याण आहे, पैठण आणि तेर आहे. कार्ल्याच्या लेण्यात खांबांची दानं देणारे 'यवन' जवळपास याच काळातले, आणि त्यांची नावं पाहिली तर धम्म, सिंहधय अशी, इकडचीच वाटणारी. म्हणजे व्यापाऱ्याच्या हिशेबात आपण मुरलेले गिऱ्हाईक होतो, इथे राहिलेल्या यवनाच्या लेखी शेजारी होतो, आणि इजिप्तमधल्या रंगमंचावर त्याच वेळी दारूचा घोट न पचणारे रानटी होतो.

विद्यार्थ्यांना आम्ही या ठिकाणी एक काम देतो, तुम्हीही करून बघा. त्या फार्समधला एक प्रवेश भारतीय राजाच्या बाजूने लिहायचा, विनोदीच. त्यात तो न कळणाऱ्या भाषेत बोलणारा माणूस म्हणजे ग्रीक विदूषक. बहुतेकांच्या लिखाणात पहिल्या पानावर ग्रीकांना नीट जेवता येत नाही, हात धुता येत नाहीत, असं काहीतरी येतं. दुसऱ्या पानावर कुणीतरी एखादा नोकर आणतं, आणि त्याच्यावर विनोद करतं. तिथे आम्ही वाचन थांबवतो आणि जहाजावरचा विनोद पुन्हा काढतो.

आता तुमचे प्रश्न घेऊ. ऑनलाइन ऐकणाऱ्यांनीही आपले प्रश्न लिहून ठेवावेत, जमतील तितक्यांना आत्ताच उत्तरं देऊ.